सहा हजार पुंगळ्या

१२ नोव्हेंबर, सोमवार

ही वही क्लेटनसाठी आहे. त्याला बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी दिली. तो दिवसभरात जे शब्द उच्चारेल ते टिपून ठेवायचे. आजचे शब्द: नाही, हो, च्यायला. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाकीचे शब्द अडकून बसलेत, पण शिव्या तेवढ्या स्वच्छ निघतात. उरलेली पानं मी माझ्यासाठी वापरणार आहे. कोणाला तरी सांगायला हवं, आणि हे क्लेटनला सांगता येत नाही.

आज त्याच्या काडतुसं भरायच्या प्रेसला पहिल्यांदा हात लावला. चौतीस वर्षांच्या संसारात त्या यंत्रावरची धूळसुद्धा मी पुसली नव्हती. त्याला खपायचं नाही आणि मला भीती वाटायची. आजही यंत्राचा दांडा धरत होते आणि सोडत होते, तेव्हा क्लेटनचा क्लबातला मित्र ऑरिन म्हणाला, "बाई, सव्वीस वर्षं पोरांनी भरलेली बस बर्फातून हाकलीस, आणि करंगळीएवढ्या पितळेला घाबरतेस?"

"बस उडत नाही," मी म्हटलं.

"हेही उडत नाही. शंभरात नव्याण्णव वेळा." असं म्हणून त्याने डावा डोळा माझ्याकडे वळवला. तो काचेचा आहे. कसा गेला ते सगळ्या ड्राय फोर्क गावाला ठाऊक आहे.

झटका येण्याच्या आदल्या आठवड्यात क्लेटनने सैन्याच्या सराव-मैदानावरून उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांच्या सात बादल्या आणल्या होत्या. एप्रिलच्या नेमबाजीच्या सामन्यासाठी क्लबाला सहा हजार तयार करून देतो, असा शब्द त्याने भर सभेत दिला होता. शब्द त्याचा होता; उजवा हात आता त्याचा राहिलेला नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, जे काम त्याच्या रक्तात आहे ते त्याच्या डोळ्यांसमोर चालू द्या. म्हणून मी करणार आहे. करून दाखवणार आहे.

ऑरिनने समजावलं ते लिहून ठेवते, कारण हल्ली माझ्या डोक्यात काही टिकत नाही. पुंगळीच्या बुडात मध्यभागी एक टिकली असते. बंदुकीची सुई तिच्यावर आपटली की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. सैन्याच्या काडतुसात ही टिकली निसटू नये म्हणून तिच्या घराची कड आत मुडपून टाकलेली असते. त्यामुळे उडालेली जुनी टिकली बाहेर ढकलताना जोर लागतो. ती निघाली तरी मुडपलेली कड तशीच राहते. ती दाबून किंवा खरवडून गोल केली नाही तर नवी टिकली तिच्यावर अडकते, चेपते, आणि मग. इथे ऑरिनने मिटलेली मूठ फाडकन उघडून दाखवली.

गॅरेजात उणे वीस आहे, आणि तिथे असताना क्लेटन आत पडला तर मला ऐकूही येणार नाही. म्हणून प्रेस आणि बाक मी घरात, कपडे धुण्याच्या खोलीत आणून मांडले. स्वयंपाकघराला लागूनच आहे ती. दारात क्लेटनची खुर्ची बसते. पुंगळ्या घोळवून साफ करायचं यंत्र ऑरिनने स्वतःचं दिलं. त्यात अक्रोडाच्या कवचाचा भुसा असतो. "क्लेटनचा तो साबणपाण्याचा पसारा तिकडे गॅरेजात गोठून बसलाय," तो म्हणाला. "हे कोरडं बरं. लाव आणि विसर."

१६ नोव्हेंबर

टिकली बाहेर ढकलायच्या प्रेसच्या दोन सुया मोडल्या. चाळीस टिकल्या काढल्या. चष्मा, त्यावर ऑरिनने दिलेली तोंडावरची काच, क्लेटनचा चामड्याचा एप्रन. हातमोजे घातले तर पुंगळी धरता येत नाही, म्हणून काढून ठेवले. प्रेसचा दांडा खाली ओढताना प्रत्येक वेळी डोळे मिटतात. डोळे मिटून कसं चालेल? चाळीस वेळा मनात ऑरिनचा डोळा आला.

आपला कुत्रा डिझेल मात्र बाकाखाली घोरत पडतो. बारा वर्षांचा झाला, त्याला कशाचं काही नाही.

२० नोव्हेंबर, मंगळवार

क्लेटनचा नवा शब्द! पाणी.

मी काल घोळवलेल्या पुंगळ्या चाळत होते. भुसा खाली, पुंगळ्या वर, धुरळा सगळीकडे. दारातल्या खुर्चीतून त्याने डावा हात उचलला आणि म्हणाला, "पाणी." एवढं स्पष्ट! मी धावत जाऊन ग्लास भरून आणला. त्याने तोंड फिरवलं. पुन्हा, "पाणी, पाणी." मी ग्लास ओठाला लावला तर त्याने हाताने उडवला. सगळं अंगावर. "च्यायला," तेही स्पष्ट.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, चांगली खूण आहे. कधीकधी एकच शब्द अडकून बसतो आणि कशालाही तोच बाहेर येतो. मनावर घेऊ नका.

६ डिसेंबर, गुरुवार

मंगळवार-गुरुवार हेझल असते. मुलगा लाइल मालगाडीवर आठ-आठ दिवस बाहेर, आणि ब्रेना सलूनमध्ये दोन दिवस उभी राहते. सून माझ्यावर पोर टाकते म्हणून गावातल्या बायका मला विचारतात, दमत नाहीस का? दमते. पण अकरा महिन्यांची नात रांगत रांगत येऊन पायाला मिठी मारते तेव्हा दिवसातला तेवढा वेळ मी कशालाही घाबरत नाही.

तिला त्या घोळणाऱ्या यंत्राची घरघर आवडते. दुपारी दुसरीकडे झोपतच नाही. मी तिथेच कपड्यांच्या टोपलीत गोधडी घालून देते. दोन मिनिटांत गाढ. ती असली की प्रेस बंद ठेवते, कारण टिकली उडाली तर? फक्त साफसफाईचं काम करते. छोट्या तारेच्या ब्रशने टिकलीच्या घरातली काजळी खरवडायची आणि फुंकर मारायची. ऑरिन प्रत्येक पुंगळी उलटी करून आपटतो. फुंकर सोपी.

१३ डिसेंबर

बाराशे झाल्या. बोटं काळी, नखं काळी. पंधरवड्यापासून कॉफीला तांब्याच्या नाण्यासारखी चव लागते. मशीन बदललं, तरी तीच चव.

क्लेटन दिवसभर: पाणी.

२५ डिसेंबर

सगळे जेवायला होते. हरणाचं मटण केलं होतं. ऑरिनही आला, बायको गेल्यापासून तो सणाला आमच्याकडेच असतो. जेवताना मी मीठ मागायला गेले आणि शब्दच सापडेना. मीठ हा शब्द. डबीकडे बोट दाखवलं. लाइल हसला, "आता तूही बाबांसारखी करू नकोस गं." सगळे हसले. मीही हसले.

आईला असंच सुरू झालं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी. आधी शब्द गेले, मग रस्ते, मग आम्ही. मी मार्चमध्ये अठ्ठावन्न पूर्ण करीन.

हे कोणालाही सांगणार नाही. मला काही झालं तर लाइल क्लेटनला वृद्धांच्या संस्थेत ठेवील. ठेवावंच लागेल त्याला. तिथे त्याच्या शिव्या कोण समजून घेणार?

८ जानेवारी, मंगळवार

पोटात कळा येतात. जेवण जात नाही. दुपारी बाकावरच सँडविच खाते, तेही अर्धं.

हेझल चिडचिडी झालीय. दोन दिवस शी नाही. दात येत असतील. चाळणीखालचा भुसा मुठीत घेऊन बसली होती, तोंडात जायच्या आत हात धुतला. बहुतेक तोंडात जायच्या आत.

१८ जानेवारी

झालं. ज्याची भीती होती ते झालं.

एक टिकली न उडालेली निघाली. मला कळलं नाही. दांडा खाली ओढला आणि फट्! कानात शिट्टी, काचेवर काळा डाग, सगळीकडे जळका वास. मी जमिनीवर बसले होते. कधी बसले ते आठवत नाही. डोळे चाचपले. दोन्ही होते. बोटं मोजली. दहा.

ऑरिनला बोलावलं. त्याने काचेवरचा डाग बघितला आणि एवढा मोठा माणूस, गुडघे टेकून माझ्या बाजूला बसला. "रडतेस काय बाई, वाचलीस तू," तो म्हणाला, आणि स्वतःच रडायला लागला. मग आम्ही दोघं हसत सुटलो. क्लेटन दारातून ओरडत होता. नाही, नाही, पाणी, च्यायला, नाही.

जे वाईटात वाईट होणार होतं ते होऊन गेलं आणि मी सलामत आहे. आज कित्येक आठवड्यांनी झोप लागेल.

२३ जानेवारी, बुधवार

औषधाच्या दुकानात गेले होते. परत येताना चर्चच्या वळणावर गाडी थांबवली, कारण डावीकडे की उजवीकडे ते कळेना. या वळणावर मी सव्वीस वर्षं बस वळवली. मागून शेरीफच्या माणसाने हॉर्न दिला. खिडकीशी येऊन म्हणाला, "बसबाई, ठीक ना?" त्याला लहानपणी मीच शाळेत सोडायचे. मी म्हटलं, काच पुसत होते.

स्टिअरिंगवरचा उजवा हात मनगटातून लुळा पडतो. कॉफीचं भांडं आज दुसऱ्यांदा पडलं.

झटका असेल का? की आईचं? रात्र झाली की दोन्हींतलं कोणतं बरं याचा विचार करत बसते. झटका बरा. झटक्यात निदान माणसं ओळखता येतात.

२९ जानेवारी, मंगळवार

चार हजार झाल्या. क्लेटनला सांगितलं. त्याने मान हलवली.

३१ जानेवारी, गुरुवार

आज चार हजार पूर्ण झाल्या. क्लेटनला सांगितलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि सोडेचना.

७ फेब्रुवारी

डिझेल खात नाही. काल दोनदा ओकला. आज अंगणात जाताना मागचे पाय फाकले. म्हातारा झाला. पंजे चाटत बसतो फक्त.

१० फेब्रुवारी, रविवार

डिझेलला झटके आले. दात आवळून, पाय ताणून, तोंडाला फेस. मला वाटलं घराला काहीतरी लागलंय. आधी क्लेटन, मग मी, आता कुत्रा. असलं मी कधी मानत आले नाही, पण आज स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हटलं, पुरे कर आता.

डॉ. स्टॅनिच रविवार असून जनावरांचा दवाखाना उघडून बसल्या. लहानखुऱ्या बाई, पण रेड्यालासुद्धा आडवा पाडतील. त्यांनी डिझेलचा पंजा उलटा केला, बोटांच्या फटीतला काळा चुरा चिमटीत घेतला, दिव्याखाली धरला.

"हा कुठे झोपतो?"

"घरातच. माझ्या बाकाखाली."

"बाकावर काय करता?"

मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग तोंडाकडे. डिझेलचं रक्त काढून घेतलं.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

डिझेल पहाटे गेला. मूत्रपिंडं बंद पडली होती. जमीन दगडासारखी आहे, पुरता येणार नाही. दवाखान्यातच ठेवलाय.

हेझल आज दिवसभर बाकाखाली डोकावत होती.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

नीट लिहायचं आहे. सगळं, क्रमाने. हात साथ देत नाही, तरी लिहायचंय.

अकरा वाजता डॉ. स्टॅनिचचा फोन आला. मी म्हटलं, राखेची घाई नाही, जमेल तेव्हा येईन. त्या म्हणाल्या, "डोरीन, मला डिझेलबद्दल नाही, तुमच्याबद्दल बोलायचंय. बसा आधी."

बसले.

"त्याच्या रक्तात शिसं निघालं. इतकं, की प्रयोगशाळेने दोनदा तपासलं. त्या टिकल्यांच्या दारूत शिसं असतं. उडाल्यावर ते काजळीत राहतं. तुम्ही ती घरात खरवडताय, कोरडी घोळवताय, चाळताय. पोट दुखतं का? तोंडाला धातूची चव? विसरायला होतं?"

"मनगट," मी म्हटलं.

"आजच्या आज रक्त तपासायला जा."

इथे मी खोटं लिहिणार नाही. मला आनंद झाला. आईचं नाही! आईचं नाही, शिसं आहे, नुसतं शिसं! भिंतीला डोकं टेकून मी देवाचे आभार मानले. एक श्वास, फार तर दोन. तिसऱ्या श्वासाला फोनमधून आवाज आला: "घरात लहान मूल येतं का?"

हेझल स्वयंपाकघरात फरशीवर होती. तळवे फरशीवर, मग तोंडात. पुन्हा फरशीवर.

मी तिला उचललं. कुठे ठेवू ते कळेना, सगळीकडे तेच. क्लेटनच्या मांडीवर दिलं, त्याच्या डाव्या हाताच्या वेढ्यात. आणि झाडू घेतला. दुसरं काही सुचलंच नाही. आयुष्यभर काही सांडलं की झाडू घेतला. कपड्यांच्या खोलीत शिरून बाकाखालून झाडायला सुरुवात केली, जोरजोरात, वेड्यासारखी. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती, ती पाहता पाहता राखाडी झाली.

"पाणी!"

क्लेटन ओरडला. झटक्यानंतर इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता. वळून बघितलं. त्याने हेझलचं तोंड स्वतःच्या शर्टात दाबून धरलं होतं, तिच्या डोक्यावर स्वतःची हनुवटी ठेवली होती, आणि डोळे माझ्या हातातल्या झाडूवर होते.

"पाणी, डोरीन. पाणी."

झटक्यानंतर माझं नाव त्याने पहिल्यांदा घेतलं, आणि मी झाडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. साबणपाण्याचा पसारा. तो पुंगळ्या नेहमी पाण्यात धुवायचा. घोळवायचा पाण्यात, खरवडायचा ओल्या. क्लबातले त्याला धोबी म्हणून चिडवायचे. नोव्हेंबरपासून हा माणूस मला सांगत होता, आणि मी त्याला ग्लास भरभरून पाणी पाजत होते.

झाडू हलकेच जमिनीवर ठेवला. खोलीचं दार लावलं, खालच्या फटीला ओला टॉवेल. हेझलचे हात धुतले, तोंड धुतलं, कपडे काढले, माझ्या कपाटातल्या, कधी न वापरलेल्या शालीत गुंडाळलं. मग ब्रेनाला फोन केला. म्हटलं, ये. ती पस्तीस मिनिटांत आली, सलूनचा एप्रन तसाच, त्यावर कोणाचे तरी पांढरे केस.

दारातच सांगितलं. 

"मंगळवार आणि गुरुवार," ती म्हणाली. "नोव्हेंबरपासून."

"मला माहीत नव्हतं गं, त्यात शिसं असतं."

"ती जमिनीवरचं सगळं तोंडात घालते, डोरीन. हे माहीत होतं ना?"

"हो."

"आणि तुम्ही तिला त्या खोलीत झोपवत होतात."

"तिला तो आवाज आवडायचा."

ब्रेनाने हेझलला घेतलं. माझी शाल सोडवून माझ्या हातात परत दिली आणि स्वतःच्या कोटाच्या आत पोरीला घेतलं. गाडी निघाली तेव्हा बर्फावर चाकं घसरली. मी मनात म्हटलं, हळू, हळू. तेवढंही म्हणायचा हक्क राहिला नव्हता.

१५ फेब्रुवारी

आमची दोघांची रक्तं दिली. हेझलचं काल संध्याकाळीच घेतलं म्हणे, लाइलने सांगितलं. ब्रेना फोन उचलत नाही. निकाल सोमवारी.

डॉक्टरांना विचारलं, लहान मुलात किती असलं तर चालतं? ते म्हणाले, शून्य.

१६ फेब्रुवारी

ती अजून बोलत नाही. तेरा महिने झाले. लाइल दहाव्या महिन्यात "बॉल" म्हणाला होता. दात म्हणून मी जे जे सोडून दिलं ते सगळं आता एकेक करून समोर येतंय. शी नाही. चिडचिड. जानेवारीत दोनदा ओकली होती. मी म्हटलं होतं, गाजर पचलं नसेल.

१७ फेब्रुवारी

ऑरिन आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात. "मी दिलं ते यंत्र," तो म्हणाला.

"मी आणलं घरात."

"कोरडं बरं असं मी म्हटलं. मला फक्त डोळ्याचीच पडलेली असते, बाई. चष्मा घातलास का, काच लावलीस का. दुसरं काही डोक्यातच येत नाही माझ्या."

मी त्याला आत ये म्हटलं नाही. मग म्हटलं. आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो आणि कोणीच काही खाल्लं नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार

रक्तातलं शिसं. मी: सेहेचाळीस. क्लेटन: एकोणीस. हेझल: अकरा.

लाइलने आकडा सांगितला आणि मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, "म्हणजे औषधं द्यायची नाहीत. घरातून दूर ठेवायचं, दूध, लोह, दर महिन्याला रक्त तपासायचं. म्हणजे कदाचित काहीच होणार नाही. म्हणजे शाळेत जाईपर्यंत कोणी सांगू शकत नाही." मग त्याचा आवाज फाटला. "आई, तू का नाही सांगितलंस तुला बरं नाही म्हणून? महिनाभर आधी सांगितलं असतंस तर?"

मी खरं कारण सांगितलं. आजीचं, आणि बाबांना संस्थेत ठेवण्याचं. 

"मी असा वाटतो तुला?" तो म्हणाला.

२७ फेब्रुवारी

आरोग्य खात्याची माणसं आली, पांढऱ्या झग्यात. गालिचा कापून गुंडाळून नेला, कपड्यांची टोपली नेली, खोली तीनदा पुसली. शेजाऱ्यांच्या खिडक्यांचे पडदे हलत होते. मला रोज तीनदा शिसं उतरवायच्या गोळ्या; सडक्या अंड्यांचा वास येतो त्यांना. क्लेटन नाक धरून "च्यायला" म्हणतो.

पुंगळ्यांच्या बादल्या ऑरिनने नेल्या. त्याच्या उघड्या शेडमध्ये, नाकाला पट्टी बांधून, पाण्यात धुऊन पुरं करणार आहे म्हणाला. "क्लेटनने शब्द दिलाय." मी हो म्हटलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

२१ मार्च

आज अठ्ठावन्न. लाइलचा फोन: हेझल आठवर आली.

माझं मनगट अजून वर येत नाही, पण चर्चच्या वळणावर गाडी आपोआप वळते. ब्रेनाने लाइलच्या मागून काही म्हटलं, ते ऐकू आलं नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा नव्हत्या एवढं कळलं.

१३ एप्रिल

सामना झाला. क्लेटनला घेऊन गेले. लोक येऊन त्याच्या खांद्यावर थोपटत होते, म्हणत होते, पहिल्यासारखंच काम आहे, गड्या, एकही टिकली अडकली नाही. तो मान हलवत राहिला. पहिला बार झाला तेव्हा मी गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या. एक माणूस पोराला खांद्यावर घेऊन रिकाम्या पुंगळ्या वेचायला निघाला होता. मी काच खाली करून ओरडले, "हात धुवा!" तो मागे वळून हसला, जसं वेड्या बाईकडे बघून हसतात. मी पुन्हा ओरडले.

४ मे, शनिवार

आज ब्रेना आली. आधी कळवलं नव्हतं. मी मागच्या पायऱ्यांवर बटाटे सोलत होते. गाडीत बसूनच तिने बराच वेळ घराकडे बघितलं. मग उतरली, मागचं दार उघडलं, हेझलला घेतलं.

पायऱ्यांपासून चार पावलांवर थांबली.

"पाचावर आलंय," ती म्हणाली.

"लाइलने सांगितलं."

"मी आत येणार नाही."

"नको येऊस."

"हात दाखवा."

मी सुरी खाली ठेवली आणि हात पुढे केले. तिने एका हाताने माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली, नखांत पाहिलं, लहान मुलाची बघतात तशी. मग म्हणाली, "धुऊन या." मी अंगणातल्या नळावर गेले. साबण, कोपरापर्यंत, दोनदा. ती बघत होती. पाणी बर्फासारखं होतं. परत येऊन ओले हात समोर धरून उभी राहिले.

हेझल माझ्याकडे बघत होती. अनोळखी माणसाकडे बघावं तशी. अकरा आठवडे. तेवढ्यात या वयाची मुलं एक पूर्ण माणूस विसरतात.

"घ्या," ब्रेना म्हणाली.

मी हात मागे घेतले.

"मनगट अजून साथ देत नाही. पडेल ती."

"बसा पायरीवर."

मी बसले. ती वाकली, हेझलला माझ्या मांडीवर ठेवलं, आणि तिच्या पाठीखालचा स्वतःचा हात काढला नाही. तिचा हात माझ्या हाताखाली, दोन्हींच्या वर पोर. ब्रेनाच्या केसांना सलूनचा वास येत होता. हेझलने आधी माझ्या बटणाला हात घातला, मग कानाला. मी हललेसुद्धा नाही. श्वाससुद्धा बाजूला वळून घेतला.

"जड झालीय," मी म्हटलं.

"हो," ब्रेना म्हणाली. "खाते आता."